एक्स्टेन्शन एकशे दोन

चनमल्लप्पाच्या टेबलावर जो फोन आला त्याला आठ बटणं होती आणि रंगीत पडदा होता. माझ्या टेबलावर जो आला त्याला दोन बटणं आणि काडेपेटीएवढी खिडकी. म्हणजे आकडे दाबायची बटणं दोघांनाही सारखीच, मी बोलतोय ते बाजूच्या दिवा लागणाऱ्या बटणांचं. माझी मी दोनदा मोजली. मग पाणी प्यायचं निमित्त करून त्याच्या टेबलावरून गेलो आणि त्याचीही मोजली. आठच होती.

आता लपवून काय करायचं? मी चनमल्लप्पावर जळतो. आजचं नाही हे, एकोणीस वर्षांचं आहे. आमची सोनचाफा टॉवेल्स, अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत. मी तिथं सव्वीस वर्षं आहे आणि तो एकोणीस. तो पहिल्या दिवशी आला तेव्हा पंचिंग मशीन कुठल्या कपाटात असतं हे त्याला मी दाखवलंय. आज त्याला कन्नड येतं, तेलुगू येतं, गल्लीतलं उर्दू येतं, आणि वर मराठीही येतं. मला मराठी येतं. त्याच्या डब्यात त्याची बायको गुरम्मा शेंगाचटणी देते आणि दीड वाजला की आख्खं ऑफिस त्याच्या टेबलाभोवती गोळा होतं. माझ्या डब्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. हे मी एकदा घरी बोललो तर मीना, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "मग त्यांच्याच डब्यात जेवा की." तिलाही चनमल्लप्पा भाऊजी फार सज्जन वाटतात. सज्जन आहेच हो तो. तेच तर दुखणं आहे.

मार्चमध्ये आमचे जुने मॅनेजर निवृत्त झाले आणि काचेची केबिन रिकामी पडली. आमचे मालक हिंदुरावअण्णा "दिवाळीला बघू" एवढंच म्हणाले. त्या केबिनकडं बघणारे आम्ही दोघंच. मी उघड बघायचो, तो बघायचा नाही. त्याचाही मला राग यायचा. आणि अशात अण्णांनी जुने फोन काढून इंटरनेटवर चालणारे हे नवे फोन आणले.

फोन बसवायला पुण्याहून दोघं आले होते. जाताना त्यांनी भिंतीवर एक कागद चिकटवला. एकशे एक अण्णा. एकशे दोन चनमल्लप्पा. एकशे तीन डिस्पॅचच्या दाक्षायणीबाई. मग शिलाई खातं, गोडाऊन, एकशे सहाला गेटवरचा वॉचमन जालिंदर. आणि एकशे सात, प्रदीप ढवळे. म्हणजे मी. वॉचमनच्या खाली. दाक्षायणीबाई म्हणाल्या, "अहो ढवळे सर, अण्णांच्या केबिनपासून भिंतीभिंतीनं वायर नेली, तसे नंबर पडले. तुम्ही दाराशी बसता म्हणून शेवटी." कारण मला पटलं. पण पटणं वेगळं आणि झोंबणं वेगळं. आमच्याकडं लग्नपत्रिकेत नाव कितव्या ओळीत छापलं ह्यावरून भावकी तुटते, आणि हा तर रोज डोळ्यांसमोर राहणारा कागद.

मी तडक अण्णांकडं गेलो. "अण्णा, हे फोनचं काम कुणीतरी अंगावर घेतलं पाहिजे. होल्ड, ट्रान्सफर, सगळं सेटिंग बाकी आहे. ती माणसं नुसती वायर जोडून गेली."

अण्णा टॉवेलचा नमुना दोन्ही हातांनी ताणून बघत होते. "घ्या की. तसं मी चन्नूला सांगणार होतो."

चन्नू! सव्वीस वर्षांत मला कुणी पद्या म्हटलं नाही. मी म्हणालो, "नको अण्णा, त्यांच्यावर आधीच लई लोड आहे."

"बरं. दिवाळीपर्यंत बाहेरचा एकही फोन वाया जाता कामा नये, एवढं करून दाखवा. मग तुमच्या त्या केबिनच्या विषयाचं बघू."

ते 'तुमच्या' म्हणाले. तो एक शब्द मी जुळे सोलापुरातल्या घरी पोचेपर्यंत मनात घोळवत होतो.

पहिलं विघ्न जुन्या नंबरचं. आमचा नंबर प्रत्येक टॉवेलच्या पिशवीवर छापलेला आहे, तो बदलून चालणार नव्हता, नव्या फोनवर वळवून घ्यायचा होता. अर्ज केला. उत्तर आलं की नंबर ज्यांच्या नावावर आहे त्यांनी समक्ष यावं. नंबर अण्णांच्या वडिलांच्या नावावर, आणि ते जाऊन अकरा वर्षं झाली. मी टेलिफोन ऑफिसात मृत्यूचा दाखला नेला. खिडकीतला माणूस म्हणाला, "दाखला ठीक आहे, पण व्हिडिओ व्हेरिफिकेशन कंपल्सरी आहे. ग्राहकानं कॅमेऱ्यात बघून दोनदा डोळे मिचकावायचे."

"साहेब, ग्राहक वारलेत."

"ते मला समजलं हो. सिस्टीमला कसं समजवू?"

तीन हेलपाटे झाले. चौथ्या दिवशी मी अण्णांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो पिशवीत घालून निघालो होतो, तेवढ्यात चनमल्लप्पानं विचारलं, "कुठं निघालात साहेब?" सांगणं भाग पडलं. त्यानं कुणाला तरी फोन लावला, कन्नडमध्ये चार वाक्यं बोलला आणि मधे दोनदा हसला. "वारसाच्या नावानं हुतंय म्हणे साहेब. अण्णांनी डोळं मिचकावलं तरी चालतंय." तासाभरात काम झालं. त्यात दोनदा हसण्यासारखं काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मग सेटिंग. पुण्याच्या कंपनीनं एक पासवर्ड दिला होता. कॉम्प्युटरवर ते पान उघडलं तर इंग्रजीत तीनशे चौकटी. अडलं की पुण्यात आरोही मॅडमना फोन करायचा. मॅडमचा आवाज गोड, पण माझी कुठलीही तक्रार ऐकली की त्या आधी "सर, तुम्ही सेव्ह केलं होतं का?" असं विचारायच्या. मी होल्डला हात लावला नाही, ट्रान्सफरला लावला नाही, सगळ्यात आधी नंबर बदलले. ढवळे एकशे दोन, चनमल्लप्पा एकशे सात. सेव्ह केलं. भिंतीवरचा कागद काढून नवा छापला आणि डिंकानं डकवला, कुणी काढू नये म्हणून. चनमल्लप्पानं तो उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाला, "बरं झालं साहेब, एकशे सात ध्यानात ठेवायला सोपं हाय." एवढंच! ह्या माणसाला वाईट वाटावं म्हणून नेमकं करायचं तरी काय? मी दिवसभर चरफडत होतो.

नंबर बदलले, पण नावं बदलायची राहिली. हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी ऐटीत एकशे दोनवरून अण्णांना फोन लावला. त्यांच्या पडद्यावर नाव उमटलं चनमल्लप्पा.

"बोल रे चन्नू," अण्णा म्हणाले. "त्या ढवळ्याच्यानं फोनचं हुतंय का न्हाई? न्हाईतर तूच बघून घे बाबा."

मी आवाज जाड काढून म्हणालो, "हुतंय अण्णा. लई हुशार माणूस हाय तो."

"तू म्हणतोस तर असंल," अण्णा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मला ढवळ्या म्हटल्याचं फार लागलं नाही. पण माझी हुशारीसुद्धा चनमल्लप्पाच्या शब्दावर खरी ठरावी, हे लागलं. त्या दुपारी मी नावं दुरुस्त केली आणि चहा घेतला नाही.

आमच्या कॉलनीत मानसिंगराव राहतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेत, संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर असतात, आणि कुणाच्या घरात फोन बिघडला तर त्यांना मनापासून आनंद होतो. मी त्यांना माझं काम सांगितलं.

"होल्ड, ट्रान्सफर नंतर," ते म्हणाले. "आधी सांगा, बाहेरचा फोन आला की पहिला कुठं वाजतो?"

"सगळीकडं एकदम. जो उचलेल त्याचा."

मानसिंगरावांनी कपाळाला हात लावला. "अहो ढवळे, बोर्ड तुमच्या हातात पाहिजे! आमच्या काळात मोठमोठ्या साहेबांना ट्रंक कॉल पाहिजे असला की आधी माझ्याशी बोलावं लागायचं. नमस्कार मानसिंगराव, असं म्हणायचे मला."

समोरच्या फ्लॅटमधल्या बुद्धप्रिया बँकेत आहेत. त्या भाजीची पिशवी घेऊन चालल्या होत्या, थांबल्या. "काका, त्यापेक्षा मेन्यू लावून टाका. ऑर्डरसाठी एक दाबा, डिस्पॅचसाठी दोन दाबा. मधे माणूस लागतच नाही."

सल्ला बरोबर होता, हे आज कळतंय. पण मधे माणूस लागत नाही हेच तर मला नको होतं. मला मधेच बसायचं होतं. मोठ्या साहेबांचा तो नमस्कार माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी नवा शर्ट घालून ऑफिसात गेलो आणि बाहेरचा प्रत्येक फोन आधी एकशे दोनला वाजेल असं करून टाकलं.

सव्वानऊला पहिला फोन वाजला. मी घसा साफ केला. "नमस्कार, सोनचाफा टॉवेल्स, प्रदीप ढवळे बोलतोय."

पलीकडून आलं, "चनमल्लप्पा इद्दारेनरी?"

दुसरा फोन. "चनमल्लप्पागारु उन्नारा?"

तिसरा. "चनमल्लप्पा सेठ हैं क्या जी?"

चौथा माढ्याचा, तो तरी मराठी बोलला. "चनमल्लप्पांना द्या की जरा."

दुपारपर्यंत एकतीस फोन आले, त्यातले अठ्ठावीस त्याचे. उरलेल्यांत दोन राँग नंबर आणि एक मीनाचा, येताना कोथिंबीर आणा म्हणून. मी बोर्ड हातात घ्यायला गेलो आणि चनमल्लप्पाचा ऑपरेटर होऊन बसलो. परत बदलावं तर कुठल्या तोंडानं? मोठ्या कंपन्यांत अशीच पद्धत असते, असं अण्णांना मीच ठासून सांगितलं होतं.

ट्रान्सफर दोन तऱ्हेचं असतं. एक आंधळं. नंबर दाबायचा, सोडून द्यायचं, पुढं त्याचं नशीब. दुसरं सांगून केलेलं. गिऱ्हाइकाला होल्डवर ठेवायचं, आतल्या माणसाला फोन करून विचारायचं, तो हो म्हणाला की जोडून द्यायचं. आरोही मॅडम म्हणाल्या की सभ्य ऑफिसात सांगून करतात. पण सांगून करायचं म्हणजे दिवसातून चाळीस वेळा "चनमल्लप्पा, तुमचा फोन आहे" म्हणायचं. चाळीस वेळा! मी आंधळं धरलं. त्यात माझ्या बोटाला सवय नाही, सातच्या जागी सहा दाबला जायचा आणि फोन जायचा गेटवर.

असा एक विजापूरचा व्यापारी गेटवर गेला. जालिंदर हा फोन वाजला की उचलणारा माणूस. "बोला की. व्हय, टावेलच. चारशे डझन? पाटवतो की. कुटला रंग पायजे? हितं समदं रंग हायत." अशी त्यानं रीतसर ऑर्डर घेतली, व्हिजिटरच्या रजिस्टरात लिहिली, भेटीचं कारण ह्या रकान्यात 'टावेल' असं टाकलं आणि तो ते विसरून गेला. पाच दिवसांनी माल कुठाय म्हणून व्यापारी ओरडला तेव्हा शोधाशोध झाली. जालिंदर उलट माझ्यावरच उखडला. "तुमी जोडला, मी घेतली आर्डर. फुडं न्यायचं काम कुनाचं?" अण्णा पोट धरून हसले आणि म्हणाले की जालिंदरला विक्रीत घ्यायला पाहिजे. म्हणजे आता वॉचमनवरही जळायची वेळ आली.

होल्डचं त्याहून वाईट. होल्डवर टाकलं की पलीकडच्याला नुसतं टीं टीं ऐकू यायचं, लोकांना वाटायचं फोन कटला. आरोही मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही तुमच्या आवाजात मेसेज ठेवू शकता." हे ऐकल्यावर मला ह्या फोनबद्दल पहिल्यांदा प्रेम वाटलं. गोडाऊनमध्ये टॉवेलच्या गठ्ठ्यांत उभं राहिलं की आवाज घुमत नाही. तिथं उभं राहून मी चौदा वेळा रेकॉर्डिंग केलं. "नमस्कार, मी प्रदीप ढवळे. आपण आमच्यासाठी मोलाचे आहात. कृपया फोन ठेवू नका, मी येतोच आहे." कॉलेजात मी गॅदरिंगच्या नाटकात काम केलेलं आहे, आणि ते त्या आवाजात दिसत होतं. चनमल्लप्पाला नाटकबिटक येत नाही.

आता आमची निम्मी गिऱ्हाइकं बार्शी, माढा, करकंबकडची. त्यांना वाटलं मीच बोलतोय. करकंबला सोजरबाईंचं कापडाचं दुकान आहे. त्यांचा चनमल्लप्पासाठी फोन आला, त्याची लाइन बिझी होती, मी होल्डवर टाकला. माझा आवाज म्हणाला, मी येतोच आहे. सोजरबाई म्हणाल्या, "बरं, या." आवाज म्हणाला, नमस्कार, मी प्रदीप ढवळे. "अरं वळखलं की! आपल्याच गावचा न्हवं का तू? पोरं बरी हायत का?" आवाज म्हणाला, आपण आमच्यासाठी मोलाचे आहात. असं आठ मिनिटं चाललं. मग सोजरबाईंनी फोन ठेवला, दुकान उघडं टाकलं आणि सरळ आमच्या दादाच्या घरी गेल्या. "तुमच्या परदीपच्या डोस्क्यावर काय तरी परिनाम झालाय. एकच बोलतोय पुन्ना पुन्ना. पोरांचं इचारलं तरी सांगंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करतोय तोवर दादा दारात हजर. हातातल्या पिशवीत अंगारा आणि लिंबं. मला समोर बसवून त्यानं विचारलं, "मी कोण हाय?"

"दादा, काय चाललंय हे?"

"तसं न्हाई. नाव सांग माजं."

मीना स्वयंपाकघरात जाऊन हसली, ते मला ऐकू आलं. मी दादाला होल्ड म्हणजे काय हे अर्धा तास समजावलं. तो सगळं ऐकून घेत होता आणि मधूनमधून मीनाकडं बघून मान हलवत होता. जाताना त्यानं माझ्या उशीखाली अंगारा ठेवलाच. ऑफिसात गेलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. चनमल्लप्पा जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, दोन दिवस सुट्टी घ्या की. फोन मी बघतो." हा डाव म्हणावा का काळजी? डाव असता तर मला किती बरं वाटलं असतं! पण त्याच्या तोंडाकडं बघून ती काळजीच आहे हे दिसत होतं, म्हणून मी जास्त भडकलो.

त्या रागात मी एक वाईट गोष्ट केली. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. चनमल्लप्पाचे फोन मी होल्डवर टाकून विसरायला लागलो. विसरायला म्हणजे घड्याळ बघून. पाच मिनिटं, सात मिनिटं. हैदराबादच्या रेड्डींना, आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला, मी एकोणीस मिनिटं माझ्या आवाजाबरोबर बसवलं आणि तेवढ्या वेळात सगळ्या पेन्सिलींना टोक काढलं. रेड्डींनी शेवटी अण्णांना मोबाइलवर गाठलं.

अण्णा केबिनमधून बाहेर आले ते लालबुंद होऊन. "रेड्डींना कुणी ताटकळत ठेवलं?"

केबिन तर गेलीच, आता नोकरीही जाते, असं झालं. तेवढ्यात चनमल्लप्पा उठून उभा राहिला. "अण्णा, लाइन माझ्याकडं आली हुती. मलाच उचलायला उशीर झाला. चुकलं."

अण्णा त्याला बोलले. सगळ्यांसमोर, चांगली पाच मिनिटं. एकोणीस वर्षं मी ह्याची वाट बघितली होती, आणि ते ऐकताना मला मान वर करता येईना. त्यानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मी त्याला थँक्यू म्हणायला हवं होतं, पण म्हटलं नाही. घरी जाऊन मीनाला सगळं सांगितलं, माझा भाग जरा कमी करून. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी गुमान सांगून ट्रान्सफर करायला लागलो. चाळीस वेळा तर चाळीस वेळा.

दिवाळी आठ दिवसांवर आली. शेवटच्या पंधरवड्यात वाया गेलेला फोन एकही नाही. माझी बाजू भक्कम होती, ती आणखी भक्कम करावी म्हणून मी आरोही मॅडमकडून यादी मागवली, महिन्याभरात बाहेरचे फोन थेट कुणी किती घेतले त्याची. पहिल्याच ओळीत मी, एक हजार एकशे चाळीस. चनमल्लप्पाचं नाव पार खाली, जालिंदरच्याही खाली. मी ती रंगीत छापून अण्णांसमोर ठेवली आणि शेजारी उभा राहिलो.

अण्णांनी चष्मा लावला. माझी ओळ त्यांनी वाचली न वाचली. त्यांचं बोट उजव्या बाजूच्या रकान्यावर जाऊन थांबलं, घेतलेले फोन पुढं कुणाकडं गेले ह्याच्यावर. एकशे सात, एक हजार ब्याण्णव.

"आयला," अण्णा म्हणाले. "मला वाटायचं ऑफिस मी चालवतोय. हे तर समदं चन्नूच चालवतोय की! बरं झालं ढवळे, तुम्ही दाखवलंत."

त्यांनी तिथल्या तिथं चनमल्लप्पाला हाक मारली आणि केबिन त्याला देऊन टाकली. तो म्हणाला, "अण्णा, ढवळे साहेब सीनियर हायत."

"हायत की. फोन त्यांच्याकडंच राहू दे. लई झ्याक बसवलाय त्यांनी."

मी अभिनंदन म्हणालो. काय म्हणणार? दाक्षायणीबाईंनी पेढे मागवले. मी दोन खाल्ले, एकच खाल्ला असता तर लोकांना वाटलं असतं मला वाईट वाटलंय.

जागेवर येऊन बसलो आणि मीनाला मोबाइलवर 'त्याला दिली' एवढंच लिहून पाठवलं. सव्वीस वर्षं आणि दोन शब्द. डोळ्यांपुढचा कागद दिसेना, म्हणून उगाच फायली सरळ करत राहिलो. पाच मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. मीनाच होती.

"कळलं," ती म्हणाली.

"हं." आता ती काहीतरी धीराचं बोलेल म्हणून मी थांबलो.

"चनमल्लप्पा भाऊजींना जोडा."

"काय?"

"अभिनंदन करायचंय त्यांचं. तुमच्याशी घरी आल्यावर बोलायचंच आहे की."

मी स्वतःच्या बायकोला होल्डवर टाकलं. माझा आवाज आता तिला आपण आमच्यासाठी मोलाचे आहात म्हणून सांगत असणार. एकशे सात दाबलं आणि म्हणालो, "साहेब, आमच्या घरून फोन आहे तुम्हाला." त्याला साहेब मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो. आता फक्त ट्रान्सफर दाबायचं होतं. त्याच्या शेजारी एक बटण असतं, तिघांना एकत्र बोलू देणारं. ते दाबलं गेलं. बोट घसरलं म्हणा, नाहीतर तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. मी रिसीव्हर खाली ठेवला नाही, फक्त बोलायच्या बाजूवर तळहात घट्ट दाबून धरला.

"भाऊजी, अभिनंदन."

"कसलं अभिनंदन वहिनी? साहेबांचं तोंड बघवंना मला."

"ते चार दिवस बघूच नका. मी एक विचारू? तुम्ही ह्यांच्यावर काय जादू केलीय हो?"

"मी?"

"सकाळी उठल्यापासून तुमचं नाव. चनमल्लप्पानं आज कुठला शर्ट घातला, चनमल्लप्पा फोनवर कितीदा हसला, चनमल्लप्पाच्या डब्यात काय होतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली. मी डब्यात काय दिलं होतं, ते ह्यांना संध्याकाळी विचारलं तर सांगता येत नाही. खरं सांगते भाऊजी, मला तुमचा हेवा वाटतो."

ती हे हसत बोलत असेल असं मला वाटत होतं. पण ती हसत नव्हती.

चनमल्लप्पा म्हणाला, "वहिनी, आमच्यात पण तेच हाय. गुरम्मानं बजावलंय, जेवताना ढवळे साहेबांचं नाव काढलं तर म्होरलं ताट उचलंन म्हणून."

"तुम्ही कशाला त्यांचं नाव काढता?"

"कशाला म्हणजे? एकोणीस वर्षं जळतोय की मी त्यांच्यावर! चार भाषा बोलतोय मी, पण एकीतबी धड चार ओळी लिहिता येत न्हाईत. कोण गिऱ्हाईक रुसलं, कुठं अण्णांचं चुकलं, की पत्र कुणी लिहायचं? ढवळे साहेबांनी. त्यांच्या पत्रांच्या झेरॉक्स घरी ठेवल्यात मी, पिशवीत घालून. तसलं एक पत्र मला जमलं असतं ना वहिनी, तर ही केबिन नको हुती मला."

माझी पत्रं! अण्णा दुपारी कागद पुढं टाकायचे, "ढवळे, जरा लिहून द्या," आणि मला ती बिगारी वाटायची. ती पत्रं कुणी दुसऱ्यांदा वाचत असेल, हेच माझ्या कधी मनात आलं नव्हतं. आणि ह्यानं त्यांच्या झेरॉक्स काढल्या होत्या! चोरून काढल्या असणार. जळत जळत काढल्या असणार. मला इतकं बरं वाटलं की केबिन, पेढे, सगळं विसरलो. रिसीव्हरवरचा हात कधी निघाला ते कळलं नाही.

"कुठलं पत्र?" मी विचारलं.

चनमल्लप्पानं रिसीव्हर कानाला तसाच धरून मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं.

"अहो!" मीना म्हणाली. "तुम्ही अजून आहात?"

खोटं बोलायची सोय नव्हती, आणि मला उत्तर हवं होतं. "कुठलं पत्र, चनमल्लप्पा?"

तो चाचरला. "ते... बार्शीच्या शहांचं, साहेब. त्यांनी माल परत धाडला हुता. तुमचं पत्र वाचून ठेवून घेतला."

"झालं," मीना म्हणाली. "बसा आता दोघं." आणि तिनं खाडकन फोन ठेवला.

लाइनवर आम्ही दोघंच राहिलो. त्याच्या आणि माझ्या टेबलात दहा पावलांचं अंतर. मधे दाक्षायणीबाई पेढ्यांचा रिकामा बॉक्स घेऊन एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत उभ्या होत्या. मी खुर्ची भिंतीकडं वळवली आणि रिसीव्हर कानाशी नीट धरला.

"हं," मी म्हणालो. "आणि दुसरं कुठलं?"